तळ्यातील गोगलगायी आणि मोरचुदाचा हिशेब



उसाच्या जोडीला शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडणारे एक प्रश्न हमखास विचारतात : काठाला गोगलगायी फार झाल्यात, काय टाकावे? टाकण्याआधी एवढे ध्यानात घ्या, की पाण्यातल्या ज्या औषधाने गोगलगाय मरते, त्याने मासाही मरू शकतो.

दुर्लक्ष करूनही चालत नाही. बगळ्यापासून आलेली कृमी आधी गोगलगायीत वाढते, मग माशाच्या मांसात पिवळसर गाठ करून बसते. असा मासा गिऱ्हाईक हातात धरीत नाही. जनावरांच्या यकृतातील चपट्या कृमीचेही तसेच. शेणातून पाण्यात, पाण्यातून गोगलगायीत, तिथून काठच्या गवतावर. बैल वाळत जातो, जबड्याखाली पाणी उतरते.

बंदोबस्ताची खरी वेळ तळे रिकामे असतानाची. उन्हाळ्यात तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्यावे. ओल राहील तिथे आणि काठाने कळीचा चुना पसरावा. पाणी काढणे जमत नसेल तर मोहाची पेंड. १० गुंठे तळ्यात १ मीटर पाणी म्हणजे सुमारे १००० घनमीटर. त्याला २५० किलो पेंड लागते. तिने असतील ते मासे मरतात, बऱ्याच गोगलगायीही जातात. विष उतरायला २-३ आठवडे लागतात, मग तीच पेंड खत होते. त्यानंतरच बोटुकली सोडावी.

मासे आत असताना मात्र काम जोखमीचे. द्राक्षवाल्यांच्या घरी मोरचूद असतेच, म्हणून अंदाजाने दोन ओंजळी टाकू नये. आधी पाण्याची अल्कलिनिटी तपासून घ्या. येणाऱ्या आकड्याला १०० ने भागा. तितके ग्रॅम मोरचूद दर घनमीटरला. आकडा १५० आला तर वरच्या तळ्याला दीड किलो. ५० च्या खाली असेल तर मोरचुदाला हातच लावू नका, मासे जातील. २५० च्या वर असेल तर तांबे तळाशी बसते आणि पैसे अक्षरशः पाण्यात. शिवाय मोरचुदाने शेवाळ मरून कुजते, प्राणवायू घटतो, पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. ढगाळ हवेत तर टाकूच नये. एवढे करूनही सगळ्या गोगलगायी मरत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

२०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनवर गोगलगायी आल्या, तेव्हा मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचे नाव घरोघर झाले. त्या जमिनीवरच्या गोगलगायींसाठी आहेत, तळ्यात टाकायच्या नाहीत. उरलेले कीटकनाशक तर मुळीच नाही. फवारणीचा पंपसुद्धा तळ्याकाठी धुऊ नये.