तांबड्यापलीकडचा उजेड

सूर्याचा प्रकाश लोलकांतून जाऊं दिला म्हणजे त्याचे सात रंग होतात, हें आपण शाळेंत शिकतों. त्या रंगपट्टाच्या एका टोंकास जांभळा व दुसऱ्या टोंकास तांबडा रंग असतो. परंतु तांबड्यापाशीं प्रकाश संपत नाहीं; संपते ती आपल्या डोळ्यांची शक्ति. १८०० सालीं इंग्लंडांत विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदांनीं निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिले, तेव्हां तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें तेथें, पारा अधिक चढला. युरेनस ग्रह शोधून काढणारे तेच हे हर्शेल. त्यांस सांपडलेल्या या किरणांस आपण अवरक्त किरण म्हणतों. या किरणांनीं छायाचित्र घेण्याचें साधन आज पुष्कळ घरांत कपाटांत पडून आहे, आणि त्याचा एक उपयोग तर जुन्या पोथ्या बाळगणाऱ्या कुटुंबांनीं अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

तें साधन म्हणजे जुना डिजिटल कॅमेरा. मोबाइल हातीं आल्यापासून तो अडगळींत गेला. त्याच्या आंत चित्र टिपणारा जो सिलिकॉनचा संवेदक असतो, त्यास सुमारें ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश जाणवतो; आपल्या डोळ्यांची मजल ७०० च्या आसपास संपते. हा जादा प्रकाश चित्राचे रंग बिघडवितो, म्हणून कारखानदार संवेदकापुढें अवरक्त किरण अडविणारी एक पातळ कांच बसवितात. ती काढून तिच्या जागीं दृश्य प्रकाश अडविणारी व अवरक्त प्रकाश सोडणारी कांच बसविली, कीं कॅमेऱ्याचें रूपांतर झालें. ७२० नॅनोमीटरच्या कांचेंतून थोडा तांबडा प्रकाशही आंत येतो, व त्याच्या आधारें चित्रांत कृत्रिम रंग भरतां येतात. ८३० नॅनोमीटरच्या कांचेनें मात्र केवळ काळेंपांढरें चित्र मिळतें; पोथ्यांच्या कामीं तीच अधिक उपयोगी.

हें काम सांगण्यास सोपें, पण करण्यास नाजूक आहे. संवेदकावर धुळीचा एक कण राहिला तरी तो प्रत्येक चित्रांत डाग होऊन दिसतो. शिवाय फ्लॅशच्या कॅपॅसिटरमध्यें वीज सांठलेली असते, ती बॅटरी काढल्यानंतरही जबर झटका देते. म्हणून घरांतील हौशी मुलांनीं स्वतः कॅमेरा उघडूं नये. जाणत्या कारागिराकडून तो बदलून घ्यावा. दुसरें असें कीं, एकदां बदललेल्या कॅमेऱ्यानें लग्नमुंजीचे साधे फोटो नीट निघत नाहींत. तेव्हां घरांतील एकुलत्या एक चांगल्या कॅमेऱ्यावर हा प्रयोग करणें शहाणपणाचें होणार नाहीं. मागील पडद्यावर चित्र पाहून ज्याचा फोकस साधतां येतो, असाच कॅमेरा निवडावा. कारण अवरक्त किरणांचा फोकस दृश्य प्रकाशाच्या फोकसाहून किंचित् निराळ्या ठिकाणीं पडतो.

असा कॅमेरा घेऊन प्रथम बागेंत जावें. हिरवीं झाडें हिम पडल्यासारखीं शुभ्र व निरभ्र आकाश काळेंभोर दिसतें. पानांतील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषून घेतें, परंतु अवरक्त किरण त्यास शोषतां येत नाहींत. पानाच्या आंतील पेशी व त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांवर आपटून त्यांचा मोठा भाग परत फिरतो. आकाशाचें म्हणाल, तर हवेंत लहान तरंगलांबीचा निळा प्रकाश पुष्कळ विखुरतो, अवरक्त प्रकाश फारच थोडा. अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ते रॉबर्ट वुड यांनीं अशीं चित्रें १९१० सालीं प्रसिद्ध केलीं. रोगट किंवा सुकत चाललेल्या पानांतून हे किरण कमी परत येतात, आणि म्हणूनच पिकांची पाहणी करणाऱ्या उपग्रहांतून त्यांची नोंद घेतात. १९८८ सालीं अवकाशांत गेलेल्या आयआरएस-१ए या भारतीय उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही अवरक्त किरणांसाठीं स्वतंत्र पट्टा होता.

या कॅमेऱ्यास अंगाची उष्णता दिसते, अशी कित्येकांची समजूत असते. ती खरी नव्हे. शरीरांतून निघणाऱ्या उष्ण किरणांची तरंगलांबी सुमारें १०,००० नॅनोमीटर, आणि सिलिकॉनला ती जाणवतच नाहीं. अंधाऱ्या खोलींत हा कॅमेराही आंधळाच असतो.

आतां पोथ्यांकडे वळूं. आपल्याकडील हस्तलिखित पोथ्यांची काळी शाई बहुधा दिव्याच्या काजळींत डिंक खलून केलेली असे. काजळी म्हणजे कार्बन. आणि कार्बन दृश्य प्रकाशाप्रमाणेंच अवरक्त प्रकाशही गिळून टाकतो. उलटपक्षीं कागद पिवळा पडला, पावसाळ्याच्या ओलीनें तपकिरी डाग उमटले, पूजेच्या वेळीं हळदीचें बोट लागलें, तर असे डाग या प्रकाशांत फिके होतात किंवा दिसेनासे होतात. डाग मागें हटतो व अक्षर पुढें येतें. मृत समुद्राजवळील गुहांत १९४७ पासून सांपडलेले हिब्रू लेख असेच काळवंडलेल्या चामड्यावर होते; १९५० नंतरच्या दशकांत जेरुसलेम येथें त्यांचीं अवरक्त छायाचित्रें घेण्यांत आलीं, व पंडितांस वाचनाच्या कामीं त्यांचा फार मोठा आधार झाला.

मात्र या विद्येस मर्यादा आहेत. धुरानें काळें झालेलें पान तिला वाचतां येत नाहीं, कारण धूर व शाई दोहोंतही कार्बनच. हिंगुळाच्या तांबड्या शाईनें घातलेले दंड, श्लोकांचे आंकडे व पुष्पिका चित्रांतून नाहींशा होतात. म्हणून प्रत्येक पानाचें एक साधें रंगीत चित्रही घ्यावें, त्यास मोबाइल पुरतो. लोखंडाच्या क्षारापासून केलेली शाई फिकी पडते, आणि आजोबांच्या फाउंटन पेनाची निळी शाई तर पुसल्यासारखी होते. पण त्यांतही एक लाभ आहे: काजळीच्या अक्षरांवर मागाहून कोणीं निळ्या शाईनें रेघोट्या ओढल्या असतील, तर त्यांखालचें मूळ अक्षर दिसूं लागतें.

चित्र घेण्यासाठीं पोथी उन्हांत नेऊं नये. एलईडी दिव्यांत अवरक्त अंश जवळजवळ नसतोच. यासाठीं जुने तारेचे बल्बच हवेत. दोन बाजूंस, पुरेशा अंतरावर, एकेक बल्ब ठेवावा व चित्र निघतांच मालवावा, म्हणजे पानास आंच लागणार नाहीं. कॅमेरा तिपाईवर पानाच्या बरोबर वर व पानाशीं समांतर असावा. मुडपलेला कोपरा बळेंच उलगडूं नये. चित्रास पोथीचें नांव व पानाचा आंकडा तेव्हांच द्यावा.

वाटणींत पोथी एका भावाकडे जाते व बाकीच्यांच्या मुलांस ती पाहावयासही मिळत नाहीं, असें अनेक घरांत घडतें. चित्रांच्या प्रती मात्र सर्वांकडे राहूं शकतात. जुन्या वळणाचें अक्षर सहज लावणारीं वडील माणसें घरांत आहेत, तोंवर हें काम हातीं घ्यावें. कारण कॅमेरा अक्षर उजेडांत आणील, पण तें वाचून दाखविणारें माणूसच लागतें.