सबवूफरची पेटी : बंद की पोर्टची?

गाडीतला बास कसा वाजेल, हे सबवूफरइतकंच त्याच्या पेटीवरही ठरतं. बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी सबवूफरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) मागे खेचते. त्यामुळे ठेका आटोपशीर आणि नेमका ऐकू येतो. पेटी लहान असल्याने डिकीत सामानाला जागा उरते. मात्र मोठ्या आवाजासाठी अॅम्प्लिफायर दमदार लागतो.

पोर्टच्या पेटीत ठरावीक मापाची नळी असते. पेटी ज्या वारंवारतेला जुळवलेली असते (बहुधा ३० ते ४० हर्ट्‌झ), तिच्या आसपास नळीतली हवाही आवाज देते. तेवढ्याच वॅटमध्ये बास सुमारे ३ डेसिबल वाढू शकतो. पण पेटी मोठी लागते, आणि त्या वारंवारतेच्या खाली कोनवरचा हवेचा आधार सुटतो. म्हणून सबसॉनिक फिल्टर (फार खालच्या वारंवारता गाळणारा) लावावा, नाहीतर कोन जास्त हलून सबवूफर बिघडू शकतो.

निवडताना आधी सबवूफरचं माहितीपत्रक पाहा. त्यातल्या एफएसला (Fs, सबवूफरची अनुनाद वारंवारता) क्यूईएसने (Qes, त्याच्या विद्युत अवमंदनाचा आकडा) भागून येणारा आकडा ५० च्या खाली असेल तर सहसा बंद पेटी, १०० च्या आसपास किंवा वर असेल तर पोर्टची. मधल्या आकड्याला दोन्ही चालतात. तिथे डिकीतली जागा आणि आपली आवड पाहावी.