गळतीचा थेंब

पुण्याच्या शनिवार पेठेतलं ओंकारेश्वर नीट बघायचं तर मंगळवारी पहाटे जावं. सोमवारी तिथे नुसत्या पाठी दिसतात, मंगळवारी काम दिसतं.

पुजारी आधी पिंडीवरचं निर्माल्य उतरवतात. फुलं एका टोपलीत, बेल वेगळा. बेल शिळा मानत नाहीत, धुऊन पुन्हा वाहता येतो. सोमवारी तो तोडू नये असाही संकेत, म्हणून रविवारी तोडून ठेवलेला पुरवून वापरायचा.

मग शाळुंका धुणं. खरा वेळ इथे जातो. तांब्याभर पाणी ओतलं की झालं, असं लांबून वाटतं. पण दुधाचा चिकट थर नुसत्या पाण्याला दाद देत नाही. नारळाच्या शेंडीनं आधी पिंडीभोवतीची खाच घासायची, मग पन्हळ, मग पाणी बाहेर पडतं ते तोंड. चार पानं तिथे अडकली की गाभाऱ्यात तळं साचतं. प्रदक्षिणा घालणारेही ही पन्हळ ओलांडत नाहीत, तिथवर जाऊन मागे फिरतात.

सगळ्यात नाजूक काम गळतीचं. तांब्याच्या अभिषेकपात्राच्या भोकात दर्भाची काडी बसवतात. ती जाड झाली तर थेंब अडतो, बारीक झाली तर धार लागते आणि पात्र बघता बघता रिकामं होतं. पुजाऱ्यांनी काडी काढली, जराशी सोलली, पुन्हा बसवली आणि मान वर न करता थेंबाचा आवाज ऐकत राहिले. जमलं म्हणताच पुढच्या कामाला लागले.

पाण्याचा हा थेंबाथेंबाचा हिशेब मुठेच्या काठावर चालतो, याची मला गंमत वाटते. १७३८च्या सुमारास शिवरामभट चित्राव यांनी पेशव्यांच्या मदतीनं हे देऊळ उभारलं. शेजारी तेव्हा स्मशान होतं. चिमाजी अप्पांची समाधीही इथेच. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं आणि याच नदीनं काठावरच्या पेठा बुडवल्या.

उजाडता उजाडता एक काकू दुधाची पिशवी घेऊन आल्या.

"काकू, चमचाभर द्या. उरलेलं घरी न्या, चहाला होईल."

काकूंचं तोंड उतरलं. मी मात्र पुजाऱ्यांच्या बाजूचा. शेंडी घेऊन घासायला त्यांनाच बसायचं असतं.