थर्मामीटर कुणाच्या हातात?

अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 साली सुरू झाली ती मुंबईच्या ट्रामपायी. विजेच्या ट्रामगाड्या आल्या की मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेची नाजूक चुंबकीय उपकरणं भलतंच काही नोंदवू लागतील, हे ओळखून तिथले संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडची शांत जागा निवडली आणि काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. पुढच्याच वर्षी आलेला आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा निबंधही चुंबकापासूनच सुरू होतो. चुंबक हलतो की तारेचं वेटोळं, यावर विद्युतक्षेत्र आहे की नाही हे ठरतं. म्हणजे क्षेत्र किती, हे पाहणाऱ्यावरही अवलंबून. मग तापमानाचं काय?

अलिबागच्या किनाऱ्यावरचं पाणी 27 अंश सेल्सिअस, म्हणजे 300 केल्विन धरू. प्रकाशाच्या 0.8 पट वेगाने त्याच्याजवळून जाणाऱ्या निरीक्षकाला ते किती गरम वाटेल? माक्स प्लांक आणि आइन्स्टाइन यांनी 1907 मध्ये दिलेलं सूत्र सांगतं 180 केल्विन, म्हणजे उणे 93 अंश. हाइन्रिख ओट यांच्या 1963 च्या लेखानुसार 500 केल्विन. पीटर लँड्सबर्ग 1966 मध्ये म्हणाले, काहीच बदलत नाही, 300 ते 300. एकाच पाण्याचा एकीकडे बर्फ, दुसरीकडे वाफ! तसं अर्थातच होत नाही. दाब सगळ्या निरीक्षकांना सारखाच मिळतो, आणि एन्ट्रॉपी म्हणजे शेवटी रेणूंच्या मांडण्यांची मोजदाद, त्यामुळे तीही बदलत नाही. कुणी शेजारून धावत गेला म्हणून पाणी गोठत नाही.

भांडण खरं तर उष्णतेच्या हिशेबाचं होतं. उष्णतेलाही संवेग असतो. धावत्या वस्तूला उष्णता देताना तिचा वेग कायम राखायचा तर बळ लावावं लागतं. त्या बळाचं कार्य प्लांक वेगळ्या खात्यात टाकतात, ओट उष्णतेतच धरतात. दोघांचंही गणित जुळतं, म्हणूनच वाद इतका लांबला. मला स्वतःला तो बराचसा वायफळ वाटतो.

त्याचा निकाल आकाशाकडे पाहिलं की लागतो. विश्वभर पसरलेलं सूक्ष्मतरंग प्रारण 2.725 केल्विनचं आहे, आणि आपली सूर्यमाला त्यातून सेकंदाला सुमारे 370 किलोमीटर वेगाने चालली आहे. जातो त्या दिशेला ते साधारण 3.4 मिलिकेल्विनने उबदार दिसतं, मागे तितकंच थंड. प्रत्येक दिशेला तापमान आहे, पण सगळ्या दिशांना मिळून एकच आकडा नाही. 1996 मध्ये खुद्द लँड्सबर्ग यांनीच जॉर्ज मात्सास यांच्यासोबत दाखवलं, की धावत्या वस्तूच्या तापमानाचं सर्वमान्य सूत्र असूच शकत नाही.

गुरुत्वाकर्षण आलं की गोष्ट अधिक रंगते. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टोलमन यांनी 1930 मध्ये सिद्ध केलं, की उष्मीय समतोलातही तळ माथ्यापेक्षा किंचित गरम असतो, कारण उष्णतेलाही वजन आहे. समुद्रसपाटी आणि सुमारे 820 मीटर उंचीचा रायगडचा माथा यांच्यात हा फरक एका अंशाच्या सुमारे 3,700 कोटींव्या भागाइतका. गडावर जाणवणारा गारवा मात्र हवा वर चढताना प्रसरण पावते त्याचा. त्याचं श्रेय टोलमनना देऊ नये!

आपल्याकडे या विषयाचा खरा पत्ता पुण्याचा. भौतिकशास्त्रज्ञ थाणू पद्मनाभन मूळचे केरळचे. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये जयंत नारळीकरांचे विद्यार्थी, पुढे 1992 पासून पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत. विल्यम अनरुह या भौतिकशास्त्रज्ञाने 1976 मध्ये दाखवलं होतं, की त्वरण असलेल्या निरीक्षकाला निर्वात पोकळीही गरम लागते. पद्मनाभन यांनी तिथून उलटा प्रवास केला. कृष्णविवराच्या क्षितिजापाशी आइन्स्टाइनची समीकरणं उष्मागतिकीच्या पहिल्या नियमाच्या रूपात लिहिता येतात, हे त्यांनी 2002 मध्ये मांडलं आणि गुरुत्वाकर्षण हेच मुळात उष्मागतिकीसारखं आहे का, या प्रश्नाला पुढची जवळजवळ दोन दशकं दिली. सप्टेंबर 2021 मध्ये ते गेले.

त्वरणामुळे जाणवणारं हे अनरुह तापमान निर्विवादपणे अजून कुणीही मोजलेलं नाही. एका केल्विनसाठी पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे अडीच लाख कोटी कोटी पट त्वरण लागतं.