हिरव्या कोटातल्या आया

पहाटेचे तीन वाजलेत. बाळ चुळबुळ करायला लागलंय. शेजारी झोपलेल्याची झोप लगेच मोडते. तो उठतो, कोमट दुधाची बाटली आणतो, बाळाला पाजतो, अंगावरचं घोंगडं सारखं करतो आणि पुन्हा आडवा होतो. तीन तासांनी परत तेच.

मैत्रिणींनो, यात काय नवल, असंच म्हणाल ना? आपण सगळ्यांनीच अशा रात्री काढल्यात. पण हे बाळ आहे शंभर किलोच्या आसपासचं, त्याला एक सोंड आहे, आणि त्याला दूध पाजणारा आहे एक पुरुष! त्याची खाट बाळाच्या खोलीतच, जरा उंचावर बांधलेली. रात्री बाळाची सोंड वर येते, त्याचा हात चाचपते, माणूस जागेवर आहे ना याची खात्री करून घेते आणि मगच बाळ झोपतं.

हे घडतं आफ्रिकेत, केनियाची राजधानी नैरोबीच्या अगदी कडेला. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात अनाथ हत्तींची पिल्लं सांभाळणारी एक नर्सरी आहे. शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट ही संस्था ती चालवते. मी काही आफ्रिकेला गेलेली नाही. या नर्सरीबद्दल वाचत गेले, फिल्म्स पाहिल्या आणि मग विषय डोक्यातून जाईनाच. कारण हत्तींची म्हणून वाचायला घेतलेली ही गोष्ट निघाली आईपणाची.

आई गेली की दूधही गेलं

हत्तीण बावीस महिने पोटात बाळ वाढवते. जन्मल्यावर पहिली दोन वर्षं ते आईच्या दुधावरच जगतं, नंतरही कितीतरी दिवस अंगावर पितं. कळपाचा कारभार सगळ्यात वडीलधाऱ्या हत्तिणीकडे. बाळाच्या आजूबाजूला आई, आजी, मावश्या, मोठ्या बहिणी. बाळ अडखळलं तर चार सोंडा एकदम पुढे येतात. असं हे बायकांचं भरलं घर!

हस्तिदंतासाठी शिकारी आईला मारतात तेव्हा हे सगळंच संपतं. १९८९ साली केनियाने जप्त केलेले बारा टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णयही झाला. तरी चोरटी शिकार पुरती थांबली नाही. शिवाय दुष्काळ आहे, शेतं आणि जंगल यांच्या सीमेवरची भांडणं आहेत. पाणी शोधताना पिल्लू विहिरीत पडतं आणि कळपाला नाइलाजाने पुढे जावं लागतं, असंही होतं. दूध पिणारं पिल्लू एकटं पडलं तर ते जगत नाही.

मग गाईचं दूध द्यावं, असं आपल्याला वाटेल. तसे प्रयत्न झाले आणि पिल्लं दगावली. गाईच्या दुधातली चरबी हत्तीच्या बाळाला पचत नाही. जुलाब सुरू होतात आणि बघता बघता बाळ हातचं जातं.

हे कोडं सोडवलं एका बाईने. डॅफ्नी शेल्ड्रिक तिचं नाव. १९३४ साली केनियातच जन्मलेली. तिचे पती डेव्हिड हे त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन. घराच्या अंगणात गेंडे, झेब्रे, हरणं, सगळ्यांची अनाथ पिल्लं वाढायची, पण दूधपित्या हत्तीपुढे तिचं काही चालेना. हे मिश्रण कर, ते करून बघ, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. शेवटी माणसाच्या बाळांसाठी मिळणाऱ्या दुधाच्या पावडरीत तिने एक गोष्ट घातली आणि ते पिल्लाला मानवलं. ती गोष्ट म्हणजे खोबरेल तेल! हत्तिणीच्या दुधातल्या चरबीला सगळ्यात जवळची चरबी नारळाची निघाली. कोकणातल्या माझ्या मैत्रिणींना हे वाचून बरं वाटेल!

आयशाची गोष्ट

या दुधावर वाढलेलं पिल्लू म्हणजे आयशा. साल होतं १९७४. आयशा बाळसं धरू लागली. डॅफ्नी जाईल तिथे ती मागे. जणू पदर धरूनच चालायची म्हणा ना! पुढे डॅफ्नीच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यासाठी तिला नैरोबीला जावं लागलं. घरच्या लग्नाला आई नको का? आयशाला दुसऱ्या माणसाच्या हवाली करून ती गेली.

आयशाने खाणं सोडलं. दूध तेच, बाटली तीच, जागाही तीच. फक्त ती एक बाई नव्हती. डॅफ्नी परतली तोवर उशीर झाला होता. जेमतेम सहा महिन्यांची आयशा गेली.

डॅफ्नीने पुढे या दुःखातून जो धडा घेतला, त्यावर आजची सगळी नर्सरी उभी आहे. पिल्लाला कुणा एकाचाच लळा लागू द्यायचा नाही. म्हणजे लळा लावायचाच नाही असं नव्हे. माणसाचं प्रेम, स्पर्श, सोबत याशिवाय ते जगणारच नाही. पण ते प्रेम पुष्कळ माणसांकडून मिळालं पाहिजे. म्हणून तिथे सांभाळणाऱ्या कीपर्सची पाळी बदलत असते. आज या पिल्लाजवळ झोपलेला उद्या दुसऱ्याजवळ झोपतो. एखादा रजा घेऊन आपल्या गावी, बायकामुलांकडे गेला तरी पिल्लाचं जग कोसळत नाही.

आयशाचं वाचलं तेव्हा मी थबकलेच. मी ज्या बालगृहात आठवड्यातून दोन दिवस जाते, तिथे चार वर्षांची एक मुलगी आली होती. स्वयंपाकघरातल्या एका मावशींशिवाय कुणाच्या हातचा घास घ्यायची नाही. मावशी लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर गेल्या आणि ही पोर भिंतीकडे तोंड करून बसली. चहात बुडवलेलं बिस्कीट, बस्स. तिथल्या अनुभवी बाई म्हणाल्या, "म्हणून सांगतो, इथं कुणाला फार जीव लावायचा नाही." मला ते पटत नव्हतं, पण उत्तरही सुचत नव्हतं. शेवटी आम्ही चौघीजणींनी पाळ्या लावल्या. एकीने वेणी घालायची, एकीने जेवताना शेजारी बसायचं, एकीने रात्री थोपटायचं. पाचव्या दिवशी तिने भाताचा घास घेतला. मावशी परत आल्यावर ती त्यांच्याकडे धावली खरी, पण त्यांच्या गळ्यात पडून झाल्यावर आमच्याकडेही आली.

केनियातल्या हत्तींकडे पाहून मला वाटतं, जीव लावू नका हा सल्लाच चुकीचा. लावावा, पण सगळ्यांनी मिळून. कळपात तरी दुसरं काय असतं?

दिवस कसा जातो?

सकाळी सहाच्या सुमारास खोल्यांची दारं उघडतात. पिल्लं बाहेर पडतात, एकमेकांना सोंडेने हुंगतात, जणू काल रात्री कशी झोप लागली विचारतायत! गार हवेत तान्ह्यांच्या पाठीवर घोंगडी बांधलेली असतात, कारण त्यांना न्यूमोनिया चटकन होतो. पाऊस आला तर रेनकोट. ऊन तापलं की आणखी एक काळजी. जंगलात तान्हं पिल्लू सतत आईच्या पोटाखालच्या सावलीत चालतं. इथे ती सावली नाही. म्हणून कीपर छत्री धरतात, कानांच्या नाजूक कातडीला सनस्क्रीन लावतात.

दर तीन तासांनी दूध. पण नुसती बाटली तोंडात दिली की पिल्लू पितंच असं नाही. आईला पिताना त्याची सोंड तिच्या अंगावर टेकलेली असते. म्हणून दोन झाडांच्या मध्ये घोंगडं टांगायचं आणि त्याआडून बाटली पुढे करायची. पिल्लू घोंगड्यावर सोंड टेकवतं, डोळे मिटतं आणि पिऊ लागतं. आईच्या पोटाच्या जागी घोंगडं! ही युक्ती वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडे नाही का, आईची जुनी साडी अंगावर घातली की बाळ शांत झोपतं...

सकाळी अकरा ते बारा चिखलस्नान. हा एकच तास पाहुण्यांना पाहायला मिळतो, एरवी लोकांची वर्दळ नाही. पिल्लं चिखलात लोळतात, ढकलाढकली करतात, फुटबॉलच्या मागे धावतात. चिखल ही त्यांच्या कातडीची निगाच. मग पुन्हा जंगलात, कीपर्सच्या सोबतीने. पाला ओरबाडायला शिकायचं, सोंडेचा उपयोग शिकायचा. हो, तान्ह्या हत्तीला स्वतःची सोंड कशी वापरायची तेही शिकावं लागतं! संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळी परत.

नवं पिल्लू येतं तेव्हा फार वाईट अवस्थेत असतं. काहींनी आईला डोळ्यांसमोर मरताना पाहिलेलं असतं. ती रात्री झोपेत दचकून किंचाळतात, दिवसा कळपापासून दूर उभी राहतात. अशा वेळी कीपर जवळ असतोच, पण खरा आधार देतात आधी आलेली पिल्लं. त्यातल्या दोन-तीन वर्षांच्या मादी पिल्लांना तर सुचतच असतं. नव्याच्या तोंडात हळूच सोंड घालतात, पाठीवर फिरवतात, त्याला मध्ये घेऊन चालतात. हे त्यांना कुणी शिकवलं?

आणि कीपर? हिरवा लांब कोट घातलेले हे जवळजवळ सगळे पुरुष आहेत. आपल्याकडे नवऱ्याने बाळाला एकदा बाटली दिली तर शेजारीण म्हणते, "किती मदत करतात हो तुमचे!" तिथे हे लोक दिवसरात्र तेच करतात. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाला दात येतायत, कोण आज गप्प आहे, हे चेहऱ्यावरून ओळखतात. आईपण रक्तात असावं लागतं असं आपण म्हणतो. मला वाटतं ते हातात येतं, रोज करून करून.

आपल्या देशातही

हे सगळं परदेशातच, असं नाही. तमिळनाडूत मुदुमलईच्या जंगलातल्या तेप्पकाडू कॅम्पमधले बोम्मन आणि बेल्ली आठवतात ना? त्यांच्यावरची 'द एलिफंट व्हिस्परर्स' ही कार्तिकी गोन्साल्विस यांची फिल्म २०२३ मध्ये ऑस्कर घेऊन आली. रघू नावाच्या पिल्लाची आई विजेचा शॉक लागून मेली होती. स्वतःची लेक गमावलेल्या बेल्लीने त्याला वाढवलं, पाठोपाठ आलेल्या अम्मूलाही. रघू मोठा झाल्यावर वनखात्याने त्याला दुसऱ्यांकडे सोपवलं, तेव्हाचं त्या दोघांचं दुःख पाहवत नाही. २०२३ मध्येच तमिळनाडू सरकारने बेल्लीला हत्ती सांभाळण्याच्या कामावर रीतसर नेमलं. त्या कामावर नेमलेली ती राज्यातली पहिली बाई. इतकी वर्षं काम केलेलंच होतं, हुद्दा तेवढा नंतर आला. हे आपल्याला नवीन आहे का?

आसाममध्ये काझीरंगाजवळही एक केंद्र आहे. पुरात वाहून आलेली, कळपापासून तुटलेली पिल्लं तिथे वाढवतात आणि मोठी झाल्यावर मानसच्या जंगलात सोडतात. आणि हत्ती आता आपल्याही दाराशी आहेत. २००२ पासून सिंधुदुर्गात दोडामार्गकडे ते येऊ लागले. माड, केळी, भात यांचं नुकसान सोसणाऱ्या बायकांना हत्तीचं कौतुक सांगणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. त्यांना भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. शेतकरी आणि हत्ती एकमेकांचे वैरी झाले की अनाथ पिल्लं वाढतात, हे मात्र केनियातही खरं आहे आणि इथेही.

सासर की माहेर?

नैरोबीतलं पिल्लू तीनेक वर्षांचं झालं की त्याला त्सावोच्या बाजूला नेतात. व्होई, इथुम्बा आणि उमानी स्प्रिंग्स अशी तीन ठिकाणं आहेत. तिथे मोकळे हत्ती भेटतात, ओळखी होतात. कुणी लवकर रुळतं, कुणाला आठ-दहा वर्षं लागतात. घाई करायची नाही. कधी जायचं ते हत्ती ठरवतो. तोपर्यंत रात्री परत यायला दार उघडं. आजवर तीनशेहून जास्त पिल्लं या संस्थेने अशी हाताखालून वाढवलीत.

डॅफ्नी २०१८ साली गेली. आता तिची मुलगी अँजेला संस्था सांभाळते. डॅफ्नीला जे बघायला मिळालं, ते मात्र मला फार मोलाचं वाटतं. २००८ च्या शेवटी एमिली नावाची हत्तीण, लहानपणी याच लोकांनी वाढवलेली, आपलं नवजात पिल्लू घेऊन व्होईच्या कीपर्सना दाखवायला आली. त्या पिल्लाचं नाव ठेवलं ईव्ह. तेव्हापासून कितीतरी लेकी अशा आल्या. कुणाच्या पायात फास अडकला, बाण लागला तरी त्या इथेच येतात, औषधपाणी होईपर्यंत उभ्या राहतात आणि बरं वाटलं की आपल्या कळपात निघून जातात.

माहेर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? जिथून जाऊ देतात आणि जिथे परत येता येतं. लेक आली, बाळ दाखवून गेली, की हिरव्या कोटातली माणसं हात धुऊन पुन्हा दूध कालवायला घेतात. पुढच्या बाटलीची वेळ झालेली असते.