ऊन आहे म्हणून हवा कमी? मुळीच नको!

रविवारी दुपारी जेवून सोलापूरहून पुण्याला निघालात, की आईचा आग्रह ठरलेला. शेंगाचटणी, कडक भाकरी, चादरींचा गठ्ठा आणि वर ज्वारीचं पोतं! पुढे अडीचशे किलोमीटरचा हायवे आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर. अशा वेळी कुणीतरी सांगतंच, 'उन्हात हवा फुगते रे, थोडी कमीच ठेव.'

ऐकू नका! कमी हवेच्या टायरच्या बाजू सतत दबतात, त्यानेच तो तापतो आणि फुटतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बहुतेक गाड्यांना भरल्या गाडीचा वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो. तेवढी हवा भरा, तीही टायर थंड असताना. आणि हो, स्टेपनीतही!

पोतं डिकीत, तळाला, मागच्या सीटला टेकवून ठेवा. टपावरच्या कॅरियरवर फक्त चादरी, घट्ट बांधून. वर वजन चढलं, की वळणावर गाडी कलते.

टायरचं वयही बघा. त्यावर २३१९ असेल, तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलायचाच.

रात्री आईला 'पोचलो गं' असा फोन करायचाय ना?