चोरी लहान, पण काळ सोकावतो

चोरी म्हटली की दागदागिने, रोकड किंवा देवळातली फंडपेटी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. रात्री दाराशी उभ्या केलेल्या मोटारीच्या टाकीतून चार-पाच लिटर पेट्रोल नाहीसे झाले, तर त्याला चोरी म्हणतानाही आपण संकोचतो. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याऐवजी गाडीधनी निमूटपणे पंपाची वाट धरतो. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

इंधन हा आता हेळसांड करण्याजोगा जिन्नस राहिलेला नाही. २०१२ साली मनोहर पर्रीकर सरकारने व्हॅट जवळजवळ शून्यावर आणून पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी स्वस्त केले होते. ते दिवस सरले. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज ठरू लागले आणि २०२१ साली अनेक राज्यांत पेट्रोलने शंभरी ओलांडली. जिन्नस महाग झाला की त्यावर डोळा ठेवणारेही वाढणार, हे उघड आहे.

अशा वेळी कायदा पाठीशी कितपत उभा आहे? १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ अन्वये चोरीला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. परंतु चोरीचा ऐवज पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने ऐवज वा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. एवढेच नव्हे, तर अशी साधी चोरी आता अदखलपात्र ठरते. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. भुकेपोटी हात मारणाऱ्या एखाद्या पोरावर तुरुंगाचा शिक्का बसू नये, हा त्यामागील हेतू आम्हांस मान्य आहे. मात्र रोज रात्री दहा गाड्यांच्या टाक्या उपसणारा चोर त्याच आडोशाला लपतो, याकडे डोळेझाक करून कसे चालेल? म्हणून आमचे सांगणे असे की, नुकसान कितीही थोडे असले तरी तक्रार नोंदवावी. अशा प्रकरणांच्या दैनंदिन नोंदी पोलिसांनी दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्याकडे पाठवाव्यात, असे नवा कायदाच सांगतो. एकाच वाड्यावरच्या पाच नोंदी एकत्र आल्या, तर दुर्लक्ष करणे अवघड जाईल.

यात धोकाही लहान नाही. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढताना घोट फुप्फुसात गेला, तर प्राणावर बेतते. हल्लीच्या पुष्कळ मोटारींत नळी सहजासहजी आत जात नाही; मग चोर खालून प्लॅस्टिकच्या टाकीलाच भोक पाडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि तिला एक ठिणगी पुरते. चार लिटरांच्या लोभापायी अख्खी आळी पेटायची!

गाडीधन्यांनीही काही पथ्ये पाळावीत. टाकीला कुलपाचे झाकण बसवावे. झाकणाचा खटका गाडीच्या आत असल्यास दारे नीट बंद झाल्याची खात्री करावी. टाकीच्या तोंडाची बाजू भिंतीला लागून राहील अशी गाडी उभी करावी. मडगाव किंवा थिवी स्थानकावर, अथवा चवथीला मूळ घरी जाताना शहरात, गाडी दिवसचे दिवस ठेवायची असल्यास टाकी काठोकाठ भरू नये. काट्याची आणि किलोमीटरची नोंद करून ठेवावी. कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाक्यांत कॉकची नळी काढली की टाकी आपसूक रिकामी होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष आल्यावर नव्या दुचाक्यांत बहुधा इंजेक्शनची पद्धत आली, त्यामुळे तेथे हे तितके सोपे राहिले नाही. म्हणून जुनी दुचाकी असलेल्यांनी अधिक जपावे. परतल्यावर गाडीखाली ओल दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर किल्ली फिरवू नये. आधी मेकॅनिकला बोलवावे.

पण केवळ कुलपे लावून हा प्रश्न सुटायचा नाही. चोरलेले पेट्रोल कोणीतरी विकत घेतो म्हणूनच ते चोरले जाते. आमच्या किनारपट्टीवर पाण्याच्या बाटल्यांत भरलेले पेट्रोल दुकानांच्या पुढ्यात मांडून विकण्याची जी रीत पडली, ती आगीच्या दृष्टीने घातक आहेच. शिवाय ते पेट्रोल कोठून आले, हे विचारण्याची सोयही तीत नाही. हा व्यवहार सरकारने मुळापासून बंद करावा. पंचायतींनी विझलेले पथदीप पेटते ठेवावेत आणि जत्रेच्या वेळी वाहनतळावर राखणदार नेमावेत. शेजाऱ्याच्या गाडीपाशी अपरात्री नळी आणि कॅन घेऊन कोणी घुटमळताना दिसला, तर खिडकी लावून न घेता हाक मारण्याचा शेजारधर्म आपणही पाळू या. चोराला कुलपापेक्षा जागत्या वाड्याचे भय अधिक असते.